मुलुंडच्या गॅलरीतलं मीड: एका फसलेल्या बॅचचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रसाद माझा मावसभाऊ. नाव बदललंय, घरातल्या बाकीच्यांचीही बदललीत, बिल्डिंग कुठली ते सांगणार नाही, बाकी सगळं जसं घडलं तसंच लिहितोय. मुलुंड पूर्वेला वन बीएचके, तिसरा मजला, घरात तो, बायको मानसी आणि माझी मावशी. वर्क फ्रॉम होम असल्यामुळे हाताशी वेळ आणि डोक्यात किडे. आधी घरी पाव करून झाले, मग कोंबुचा (आंबवलेला चहा) झाला, मग मीड आणि सायडरचे व्हिडिओ सुरू झाले. मध पाण्यात कालवून यीस्टने आंबवलं की मीड, सफरचंदाचा रस आंबवला की सायडर, एवढं सोपं वाटतं बघताना. मी एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये काम करतो म्हणून शेवटी फोन मला आला, पण आला तो एकविसाव्या दिवशी, रात्री अडीच वाजता.

सुरुवात सायडरने झाली होती. फेब्रुवारीत त्याने दुकानातून सफरचंदाच्या रसाचे दोन पॅक आणले, पाव करायचं यीस्ट टाकलं, चार दिवस वाट बघितली, ढिम्म. नंतर मी पॅक बघितला तर मागे बारीक अक्षरात आयएनएस २०२ आणि २११ लिहिलेलं, म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट आणि सोडियम बेंझोएट. हे टाकतातच मुळी यीस्ट आणि बुरशी वाढू नये म्हणून, त्यात यीस्ट टाकून वाट बघणं म्हणजे डीडीटी मारलेल्या खोलीत डास पाळायचा प्रयत्न. ताज्या सफरचंदांचा रस काढायचा तर हिमाचल-काश्मीरचा माल येतो ऑगस्ट ते नोव्हेंबर, फेब्रुवारीत कोल्ड स्टोरेजचा किंवा परदेशी, किलोचा भाव ऐकूनच गप्प बसला. म्हणून गाडी मीडवर आली.

मध मात्र त्याने चांगला आणला हे मान्य करावं लागेल. डिसेंबर २०२० मध्ये सीएसई या संस्थेने मधात साखरेचा पाक मिसळण्याचं प्रकरण बाहेर काढलं होतं, ते त्याला आठवत होतं, म्हणून दुकानातला न घेता महाबळेश्वरकडच्या एका ओळखीच्या मधपाळाकडून ५ किलो जांभळाचा मध मागवला, ४५० रुपये किलो. म्हणजे २,२५० रुपये नुसते मधाचे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे प्रत्येक चुकीच्या निर्णयाच्या मागे हाच उभा होता.

एप्रिलच्या मध्यावर त्याने मध आणि पाणी मिळून साधारण १६ लिटर केलं. मध आधी उकळला, कुणीतरी जंतू मरतात म्हणून सांगितलं होतं. मावशी ओरडली, मध तापवू नये एवढं तरी कळतं का तुला, पण तिचं कोण ऐकतं. खरं तर मध उकळायची काही गरज नसते, त्यात पाणी इतकं कमी आणि आम्लता इतकी असते की त्यात फारसं काही वाढतच नाही, उकळलं की फक्त जांभळाचा वास उडून जातो. तीन चमचे पावाचं यीस्ट टाकलं, सगळं २० लिटरच्या पाण्याच्या जारमध्ये भरलं, तोंडाला आधी फुगा लावला, तो दुसऱ्याच दिवशी फाटला, मग सलाइनची नळी लावून तिचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. हा जुगाड मात्र झकास होता, गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही. आणि जार ठेवला गॅलरीत. पश्चिमेची गॅलरी, स्लायडिंगने बंद केलेली, एप्रिल महिना. दुपारी चारला तिथे थर्मामीटर ३६ दाखवायचा (हे नंतर मोजलं, तेव्हा कुणी मोजत नव्हतं).

अडचण कशी वाढत गेली

पहिले चार-पाच दिवस मस्त बुडबुडे. सहाव्या दिवशी वास सुटला. सडलेल्या अंड्यासारखा, आणि मधूनच थेट गॅस लीक झाल्यासारखा. मधात यीस्टला खायला साखर भरपूर असते पण नायट्रोजन जवळपास नसतोच, आणि नायट्रोजनची उपासमार झाली की यीस्ट हायड्रोजन सल्फाइड सोडायला लागतं. त्यातून पुढे मर्कॅप्टन जातीचे वास तयार होतात, आणि गंमत अशी की स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो, लीक कळावा म्हणून त्यात मुद्दाम मिसळतात तेही मर्कॅप्टनच. शेजारच्या काकांनी वास घेतला आणि सरळ गॅसच्या इमर्जन्सी नंबरवर फोन केला, वॉचमनला सांगितलं, जिन्यातले दिवे कुणी लावू नका म्हणून ओरडले. त्यांचं काहीही चुकलं नाही, मीही हेच केलं असतं. गॅसवाला आला, मीटर फिरवला, लीक नाही, मग त्याची नजर गॅलरीतल्या नळी लावलेल्या जारवर गेली. प्रसाद म्हणाला झाडांचं खत आहे. गॅसवाला हसला आणि गेला.

पहिला मोठा निर्णय खरं तर इथे घ्यायचा होता. वास हा निरोप होता, की यीस्ट अडचणीत आहे, आणि शेजारपाजारी आता लक्ष जाणार. प्रसादने काय केलं, तर जार गॅलरीच्या कोपऱ्यात सरकवून वर चादर टाकली. म्हणजे ऊन तेवढंच, हवा अजून कमी.

बाराव्या दिवशी बुडबुडे जवळपास थांबले. त्याला वाटलं झालं. इथे त्याने एक गोष्ट बरोबर करायचा प्रयत्न केला, घनता मोजायचा. पण हायड्रोमीटर कुठे मिळतो माहीत नाही, म्हणून डेअरीच्या सामानाच्या दुकानातून दुधाचा लॅक्टोमीटर आणला. लॅक्टोमीटरची पट्टी दुधासाठी असते, जेमतेम १.०४० च्या घनतेपर्यंत (पाण्याची घनता १.०००). त्याने टाकला तर तो इतका वर तरंगला की पट्टीच पाण्याच्या वर. प्रसादचा निष्कर्ष: लॅक्टोमीटर खराब. खरा अर्थ: द्रव पट्टीच्या बाहेर घट्ट आहे, म्हणजे साखर अजून ढीगभर शिल्लक आहे. त्या ऐंशी रुपयांच्या काचेच्या नळीने खरं तेच सांगितलं होतं, ऐकणाऱ्याने उलटं ऐकलं.

अठराव्या दिवशी त्याने थोडं चाखलं, गोड लागलं, मीड गोड असतंच म्हणून समाधान मानलं आणि पाच बाटल्या भरल्या. तीन सोड्याच्या एक लिटरच्या प्लास्टिकच्या, दोन काचेच्या स्क्रूच्या झाकणाच्या. उरलेलं जारमध्येच. ओतताना हवा मिसळली, तळाचं झोपलेलं यीस्ट ढवळून वर आलं, गॅलरीतून बाटल्या आल्या किचनच्या त्यातल्या त्यात गार ओट्याखाली, आणि थांबलेलं फर्मेंटेशन बंद बाटलीत परत हळूहळू चालू झालं. एकविसाव्या रात्री दोन वाजता एक काचेची बाटली फुटली. ओट्याखालच्या ट्रॉलीचं दार वाकलं, काचेचा एक तुकडा समोरच्या भिंतीच्या टाइलवर चरा पाडून गेला. तासाभरापूर्वी मावशी तिथे पाणी प्यायला उठली होती.

मग मला फोन. "दादा, एक फुटलीय, दुसरीचं काय करू, उघडू का?"

मी म्हटलं हात लावू नकोस, किचनचं दार लावून घे, मी येतो.

आधी बाटल्या

इतर काहीही ठरवायच्या आधी त्या चार बाटल्यांचं बघायचं होतं. मी भांडुपला राहतो, पंधरा मिनिटांत पोचलो. प्लास्टिकच्या तिन्ही दगडासारख्या टणक झाल्या होत्या, बुडं फुगून बाटल्या डुलत होत्या. प्लास्टिकचा हा फायदा, दाबून कळतं, आणि फुटली तरी काचा उडत नाहीत. काचेची एक उरलेली, तिच्याकडे बघून काहीच कळत नाही, तीच खरी भीती.

हिशोब साधा आहे. लिटरमागे ४ ग्रॅम साखर आंबली की द्रवाच्या साधारण एक पट कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बिअरमध्ये अडीचेक पट असतो, सोड्यात तीन-चार पट. या बाटल्यांत लिटरमागे सव्वाशे-दीडशे ग्रॅम साखर शिल्लक होती, म्हणजे सगळी आंबली असती तर तीस पटीच्या वर. कुठलीच बाटली ते धरून ठेवत नाही, आणि साध्या स्क्रूच्या बाटल्या तर दाबासाठी बनवलेल्याच नसतात.

मी हेल्मेट घातलं, काच खाली केली, प्रसादचं जाड जॅकेट चढवलं, ओल्या गोणपाटात काचेची बाटली गुंडाळून फ्रीजच्या तळाशी ठेवली, प्लास्टिकच्या तिन्ही शेजारी. गार झालं की यीस्ट मंदावतं, गॅस द्रवात जास्त विरघळतो आणि दाब उतरतो. सकाळी टॉवेलखाली झाकण केसभर सैल करायचं, सूं आवाज थांबला की परत घट्ट, परत सैल. चाळीस मिनिटं लागली चार बाटल्यांना. मानसी तोपर्यंत एक शब्द बोलली नाही, त्यावरून घरचं हवामान कळलं.

काय बिघडलं होतं

दुसऱ्या दिवशी लॅबमधला हायड्रोमीटर आणि पीएचच्या (आकडा जेवढा कमी तेवढं आंबट) पट्ट्या घेऊन गेलो. सुरुवातीची घनता त्याने मोजलीच नव्हती, पण काढता येते. मधात साधारण ८० टक्के साखर, ५ किलो मधात ४ किलो साखर, १६ लिटरमध्ये म्हणजे लिटरला २५० ग्रॅम, घनता १.०९५ च्या आसपास. आता मोजली तर १.०५२. दोन्हींतल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी येते, साडेपाचच्या थोडी वर. म्हणजे अर्धा रस्ता पण नाही झाला, गाडी घाटात बंद.

पीएच पट्टीवर ३ च्या खाली. मध मुळात ४ च्या आसपास असतो पण त्यात आम्लता सावरून धरणारे क्षार फार कमी, त्यामुळे आंबायला लागल्यावर पीएच धाडकन खाली येतो आणि यीस्टला ते झेपत नाही. वर नायट्रोजन नाही, वर ३६ डिग्रीची गॅलरी, आणि आंबताना द्रव स्वतःही तापतो ते वेगळं. वाइनचं म्हणून जे यीस्ट मिळतं त्यातलं बरंचसं तिशीच्या खालीच सुखी असतं. उष्णतेत आंबलं की जड अल्कोहोल तयार होतात, घशाला चटका देणारी, सोबत नेलपॉलिश रिमूव्हरसारख्या वासाचं इथाइल ॲसिटेट, हे सगळं इथे व्यवस्थित आलं होतं.

प्रसादने व्हिडिओत बघून मूठभर मनुका टाकले होते, नायट्रोजनसाठी म्हणून. हा सल्ला सगळीकडे फिरतो आणि जवळपास निरुपयोगी आहे, १६ लिटरला लागेल एवढा नायट्रोजन मनुकांतून द्यायचा तर मनुकांचंच मीड होईल.

मावशीची भीती वेगळी होती. "मालवणीत काय झालं होतं आठवतंय ना?" मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली होती, मुंबईत घरी केलेल्या दारूचं नाव काढलं की त्या पिढीला तेच आठवतं. तिला समजावलं की तिथे दारूत मेथनॉल मिसळलेलं होतं, इंडस्ट्रीत वापरतात ते, मध आंबवून तसलं काही होत नाही. तिला पटलं की नाही माहीत नाही, पण त्या दिवसापासून तिने ओट्याखालून डबे काढून वर ठेवले ते अजून वरच आहेत.

पर्याय

रविवारी दुपारी चौघे बसलो. प्रसादचं पहिलं म्हणणं होतं की बॅच वाचवायची. आणि टेक्निकली ती वाचली असती, हे मी कबूल करतो, मला स्वतःलाही तो मोह होता. जार बादलीपेक्षा मोठ्या टबात पाण्यात ठेवायचा, ओला टॉवेल गुंडाळायचा, टबात बर्फाच्या बाटल्या फिरवत राहायचं, पंखा सोडायचा, चार-पाच डिग्री सहज उतरतात. पीएच वर आणायला थोडा खाण्याचा सोडा किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट. नायट्रोजनसाठी पावाचंच यीस्ट पाण्यात उकळून मारून टाकायचं, मेलेलं यीस्ट हे जिवंत यीस्टचं उत्तम खाणं. प्रसाद मधेच म्हणाला नर्सरीत डीएपी मिळतं, मीडवाले डीएपीच टाकतात. टाकतात, पण फूड ग्रेड. नर्सरीतलं डायअमोनियम फॉस्फेट शेताचं खत आहे, त्यात काय काय अशुद्धी असेल त्याची हमी कुणी देत नाही, ते पोटात जाणाऱ्या वस्तूत टाकायचं नाही म्हणजे नाही.

दुसरा पर्याय त्याच्या मित्राचा, जार गाडीत घालून लोणावळ्याला न्यायचा, तिथे गार आहे. तिसरा, सगळं ओतून द्यायचं. हा मानसीचा. चौथा मी सुचवला, व्हिनेगर.

आणि मग मानसीने तिच्या मैत्रिणीला फोन लावला, ती वकील आहे, आणि तिथे चर्चेचा रोख पूर्ण बदलला. तिने विचारलं, परवाना आहे का. प्रसाद म्हणाला अगं घरात प्यायला, विकायला नाही, आणि ही दारू नाही, वाइनसारखं आहे, फळाफुलांचं. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायच्या निर्णयावरून वाइन म्हणजे दारू की नाही यावर महाराष्ट्रभर जो धुरळा उडाला होता, त्यातलंच वाक्य. ती म्हणाली राजकारणात काहीही म्हणू देत, कायद्यात व्याख्या आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा, पूर्वी मुंबई दारूबंदी कायदा म्हणायचे आता महाराष्ट्र म्हणतात, त्यात मद्य म्हणजे स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेले सगळेच द्रव. ही व्याख्या इतकी रुंद होती की बालसारा खटल्यात १९५१ साली औषधं आणि कोलोनसारख्या वस्तूंवरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. पण प्यायच्या मीडला त्यातून पळवाट नाही. परवान्याशिवाय मद्य बनवणं कलम ६५ खाली गुन्हा, नेणं-आणणंही गुन्हाच. म्हणजे लोणावळ्याचा पर्याय तर बंद गॅलरीतला गुन्हा एक्सप्रेसवेवर नेण्यासारखा. हौसेपुरतं घरात करायला सूट? नाही.

खोलीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. परदेशी व्हिडिओ बघून आपण शिकतो, तिथे बऱ्याच ठिकाणी घरापुरतं बनवायला मुभा असते, आणि व्हिडिओत इथला कायदा कोण सांगणार. पुणे, नाशिकला मीड बनवणाऱ्या कंपन्या आहेत, त्या रीतसर परवाना काढून बनवतात.

वकीलबाईंचा सल्ला दोन वाक्यांचा होता. जे झालं ते वाढवू नका, म्हणजे अजून अल्कोहोल तयार होईल असं काही करू नका. आणि हे पेय म्हणून ठेवू नका, कुणाला देऊ नका, कुठे नेऊ नका.

काय केलं

बॅच वाचवणं बाद. उरलं ओतणं किंवा व्हिनेगर. प्रसादचा जीव २,२५० रुपयांत अडकलेला, त्याला सगळ्या १६ लिटरचं व्हिनेगर करायचं होतं. मी म्हटलं पाणी मिसळल्यावर होणारं तीसेक लिटर व्हिनेगर कोण खाणार, मुलुंडमध्ये भेळेची गाडी टाकणारेस का. शेवटी ४ लिटर ठेवायचे ठरले, बाकी सगळं, बाटल्यांतलं धरून, बाथरूमच्या नळाखाली भरपूर पाण्यासोबत ओतलं. मानसीने स्वतः ओतलं. तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

इथे अजून एक निर्णय होता, बाहेरून छोटा वाटतो पण निकाल त्यानेच ठरवला. चांगलं व्हिनेगर करायची नेहमीची रीत अशी की आधी द्रव पातळ करून यीस्टला सगळी साखर संपवू द्यायची, अल्कोहोल पाच-सहा टक्क्यांवर आणायचं आणि मग त्यात व्हिनेगरची आई टाकायची, म्हणजे ती जेलीसारखी साय, ज्यात ॲसिटोबॅक्टर राहतात. ते बॅक्टेरिया हवेतला ऑक्सिजन घेऊन अल्कोहोलचं ॲसेटिक ॲसिड करतात. व्हिनेगर आधीच टाकलं तर त्याच्या आम्लाने यीस्ट गप्प होतं, साखर तशीच राहते आणि आम्लता कमी पडते. मी लॅबवाला म्हणून पहिल्या रीतीच्या बाजूने. पण पहिली रीत म्हणजे मुद्दाम अजून अल्कोहोल तयार करणं, वकिलीणबाईंनी जे नको सांगितलं तेच. थोडा वाद झाला. मी हरलो, आणि आता मागे बघून वाटतं हरलो तेच बरं झालं.

म्हणून ४ लिटर मीड, ४ लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि २ लिटर न गाळलेलं, पाश्चराइझ न केलेलं, तळाशी आई असलेलं सफरचंदाचं व्हिनेगर, असं दहा लिटर एकदमच मिसळलं. यासाठी बाजारातलं साधं पांढरं व्हिनेगर चालत नाही, त्यात जिवंत काही नसतं. जारऐवजी रुंद तोंडाची काचेची बरणी घेतली, लोणच्याची मोठी, दोन. कारण आधी हवा आत जाऊ द्यायची नव्हती, आता हवाच पाहिजे, आणि जेवढा पृष्ठभाग मोठा तेवढं काम लवकर. तोंडाला दुहेरी मलमलचं कापड आणि रबर, चिलटं आत जाऊ नयेत म्हणून, मुंबईत मे महिन्यात आंब्याबरोबर चिलटांची फौज आलेलीच असते. या कामाला मात्र उष्णता चालते, ॲसिटोबॅक्टर तिशीच्या आसपास खूश असतात. ज्या गॅलरीने मीड मारलं ती गॅलरी व्हिनेगरला मानवली, फक्त उन्हापासून आड ठेवलं.

शेजारच्या काकांना मानसी स्वतः जाऊन सांगून आली की तो वास गॅसचा नव्हता, आमच्या घरात व्हिनेगरचा प्रयोग चाललाय, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल सॉरी. प्रसादला हे फार जड गेलं, खताची थाप मारून बसला होता ना.

निकाल

दहा दिवसांत वर पातळ साय धरली, महिन्याभरात ती जाड झाली. सडका वास आधीच गेला होता, चटका देणारा वासही उतरत गेला. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा गॅलरी गार झाली आणि काम मंदावलं, बरण्या किचनमध्ये फ्रीजच्या वर आणल्या. दहा आठवड्यांनी नमुना लॅबमध्ये नेला. ५ मिलि व्हिनेगरला फिनॉल्फथॅलीन टाकून ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याने टायट्रेट केलं, म्हणजे आम्ल संपवायला किती सोडा लागतो ते मोजलं, २६ मिलि लागला. एका मिलिला ६ मिलिग्रॅम ॲसेटिक ॲसिड, म्हणजे ३.१ टक्के.

एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेची केंद्रीय संस्था) नियमात आंबवून केलेल्या व्हिनेगरला किमान ३.७५ टक्के लागतात. म्हणजे आमचं नापास. चवीला छान, मधाची हलकी गोडी, कोशिंबिरीत आणि काकडीवर मस्त लागतं, पण साखर शिल्लक आहे आणि आम्लता कमी, त्यामुळे बाहेर टिकणाऱ्या लोणच्यात वापरायचं नाही असं मी बरणीवर मार्करने लिहून ठेवलंय. एकेक बाटली गाळून, ७० डिग्रीपर्यंत गरम करून, गार करून फ्रीजमध्ये. गरम न करता बंद केलं असतं तर उरलेल्या साखरेवर यीस्ट परत जागं व्हायची शक्यता होती, आणि बंद बाटलीचा खेळ या घरात परत कुणाला नकोय.

खर्च: मध २,२५०, जार-नळी-लॅक्टोमीटर मिळून चारेकशे, जिवंत व्हिनेगर सातशे, ट्रॉलीचं दार बाराशे. हातात आलं साडेआठ-नऊ लिटर कमकुवत व्हिनेगर.

कुठे वेगळं करता आलं असतं

प्रसादच्या मते चूक झाली बाटल्या भरताना. मला तसं वाटत नाही. बाटली फुटली म्हणून ती दिसली, एवढंच. मध पाण्यात पडायच्या आधी दोन गोष्टी माहीत करून घेता आल्या असत्या, कायदा काय म्हणतो आणि गॅलरीत दुपारी किती डिग्री असतं. एकाला दहा मिनिटांचा फोन, दुसऱ्याला शंभर रुपयांचा थर्मामीटर. पहिल्याचं उत्तर मिळालं असतं तर मीडचा विषय तिथेच संपला असता आणि पाच किलो जांभळाचा मध आज पोळीबरोबर खाल्ला गेला असता, मावशी तर अजून तेच म्हणते.

सहाव्या दिवसाचा वास ही दुसरी जागा. तेव्हा मला फोन केला असता तर बाटल्यांचा प्रसंग आलाच नसता. फोन का नाही केला, विचारलं तर म्हणाला तू ओरडला असतास. ओरडलो असतो, खरंय. आणि याबद्दल माझ्याकडेही बोट जातं, कोंबुचाच्या वेळी मी त्याची इतकी टिंगल केली होती की लॅबमधल्या भावाला विचारायची त्याची सोयच मी ठेवली नव्हती.

बुडबुडे थांबले म्हणजे झालं, ही समजूत जिथे जिथे काही आंबवलं जातं तिथे दिसते. बुडबुडे थांबायला थंडी पुरते, नळीच्या बुचाला एक फट पुरते, अर्धमेलं यीस्ट पुरतं. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घनता मोजली आणि ती तीच आली तरी नुसतं तेवढ्याने भागत नाही, ती कमीही असायला पाहिजे. १.०५२ वर स्थिर म्हणजे संपलेलं नाही, अडकलेलं. आणि मोजायचं साधन पट्टीच्या बाहेर गेलं तर साधनाला शिव्या घालायच्या आधी, ते पट्टीच्या कुठल्या बाजूने बाहेर गेलं ते बघायचं.

माझ्या स्वतःच्या बाजूने एक गोष्ट मी बदलली असती. त्या रात्री काचेची फुगलेली बाटली मी हातात धरून फ्रीजपर्यंत नेली, हेल्मेट आणि जॅकेट असलं तरी हात उघडे होते. तिला आहे तिथेच गोणपाट आणि वर बादली उपडी घालून ठेवायला हवं होतं, भोवती बर्फ टाकून, सकाळपर्यंत. तेव्हा घाईत सुचलं नाही.

सायडरचा विषय ऑगस्टमध्ये परत निघाला होता, सफरचंदं स्वस्त झाल्यावर. मानसीने फक्त ट्रॉलीच्या दाराकडे बघितलं. आता प्रसाद कोंबुचावर परत आलाय, बाटल्या प्लास्टिकच्या, रोज दाबून बघतो, आणि लॅक्टोमीटर मावशीने घेतलाय, दूधवाल्याला दाखवून त्याच्यासमोर दूध मोजते.